अंगण करून देणाऱ्या मिस्त्रींना, मनापासून

मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

काम संपल्यावर तुमचा हिशेब चुकता केला, हात जोडले, आणि तुम्ही सामान गाडीत चढवून निघून गेलात. बोलायचं होतं ते घशातच राहिलं. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर, कारण तुमच्यासारखी माणसं या कामात आहेत हे इतरांनाही कळायला हवं.

तुमच्या आधी जे येऊन गेले त्यांचं नाव मी घेणार नाही. पण राग अजून गेलेला नाही, तो लपवून आभार मानले तर ते अर्धेच होतील. फोटो दाखवताना त्यांची जीभ थांबत नव्हती. ओल्या काँक्रीटवर ठसे मारून दगडी फरशीसारखं दिसणारं अंगण, हवा तो रंग, आणि "तडा जाणारच नाही, लिहून घ्या." प्रत्यक्षात काँक्रीट घट्ट वाटलं म्हणून त्यात बादलीने पाणी ओतलं. पृष्ठभागावर पाणी आलं, तर ते उडून जाईपर्यंत थांबायला कुणाला वेळ नव्हता. त्यावरच कोरडं सिमेंट भुरभुरून थापी फिरवली. ठसे मारायला सुरुवात केली तोवर एक बाजू आवळून गेली होती, तिथे नक्षी उमटलीच नाही. वर सीलरची, म्हणजे पृष्ठभाग राखणाऱ्या चकचकीत लेपाचीही घाई. आतला ओलावा सीलरखाली अडकला आणि अंगणभर दुधी डाग उठले. हळूहळू पायाला पिठासारखी धूळ लागू लागली, मधोमध वेडावाकडा तडा गेला, आणि पाणी घराच्या उंबऱ्याकडे वाहू लागलं. फोन केला तर उत्तर काय, "काँक्रीट असंच असतं." त्यानंतर फोन उचलणंही बंद.

हे सगळं एक वेळ सोसलं असतं. पण त्या गुळगुळीत ओल्या अंगणात आईचा पाय सरकला. ती पडता पडता वाचली आणि त्या दिवसापासून तिने अंगणात येणंच सोडलं.

तुम्ही आलात तेव्हा मला वाटलं होतं, हेही आता फोटो काढून दाखवतील. तुम्ही आधी तांब्याभर पाणी ओतलंत आणि ते कुठे जातं हे बघत उभे राहिलात. मग हातोडीने जागोजागी ठोकून आवाज ऐकलात. जुन्या थरावर पातळ नवा थर चढवा, एवढंच मी मागितलं होतं. ते काम तुम्हाला सोपं होतं. पण तुम्ही सरळ सांगितलंत की खालचा पृष्ठभागच सुटतोय, त्यावर काहीही चढवलं तरी ते त्याच्याबरोबरच निघून येणार, हे उखडावंच लागेल. वाईट बातमी इतक्या शांतपणे आणि इतक्या स्पष्ट शब्दांत कुणी दिली की माणूस उलट निश्चिंत होतो, हे मला तेव्हा कळलं.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी मुळात लिहायला बसले.

नमुने दाखवायला तुम्ही आलात तेव्हा कागदावरचे रंग आणले नाहीत. ओतून, ठसे मारून, सीलर लावून तयार केलेले दोन मोठे तुकडे आणलेत. एक मला आवडलेला, गोल दगडांच्या नक्षीचा, खोल रेषांचा. दुसरा पाटीच्या दगडासारखा, उथळ. मी रंग बघत होते. तुम्ही विचारलंत, "या अंगणात सगळ्यात जास्त कोण चालणार?" मी आईचं नाव घेतलं. तुम्ही दोन्ही तुकडे दारातच जमिनीवर मांडलेत, त्यांवर पाणी ओतलंत, आणि आत जाऊन आईला म्हणालात, "आजी, जरा काठी घेऊन बाहेर याल का? काम तुमचं आहे, तुम्हीच बघा."

आई यायला तयार नव्हती. तुम्ही घाई केली नाहीत. ती आली, तिने पहिल्या तुकड्यावर काठी टेकवली आणि काठीचं रबरी टोक दोन दगडांमधल्या खोल रेषेत अडकलं. दुसऱ्यावर टेकवली, ती नीट बसली. मग तुम्ही तिचा हात धरून ओल्या तुकड्यावर तिला उभं केलंत. तिने चपलेने दोनदा घासून पाहिलं. तुम्ही खाली उकिडवे बसून तिच्या पायांकडे बघत होतात. "अजून थोडं खरखरीत हवं," ती म्हणाली. त्यावर तुम्ही, "सीलरमध्ये बारीक कण मिसळतो, मग धरून राहील." इतकंच. मला तर कुणी काही विचारलंच नाही, आणि ते किती योग्य होतं!

आईला तिच्याच घराबद्दल तिचं मत विचारून बराच काळ लोटला होता. आम्ही तिची काळजी घेतो, पण ठरवतो आम्हीच. त्या सकाळी तिने ठरवलं आणि एका कसबी माणसाने ते हुकूम मानल्यासारखं ऐकलं. आत जाताना तिची मान ताठ होती.

पुढच्या कामाचं वर्णन करत बसत नाही, ते तुमचं क्षेत्र. पण काही गोष्टी मनात बसल्या आहेत. ओतायच्या आधी तुम्ही खडूने रेषा मारल्यात आणि म्हणालात, "काँक्रीट सुकताना आक्रसतं, तडा जाणारच. तो या रेषेत जावा एवढं मी बघतो." १०० मिलिमीटर जाडीला अडीच-तीन मीटरवर काप, खोली निदान २५ मिलिमीटर, आणि ते काप नक्षीच्या रेषांवरच येतील, काठी अडकणार नाही इतके अरुंद असतील, याचाही विचार तुम्ही आधीच केला होता. ज्यांनी तडा जाणार नाही अशी शपथ घेतली त्यांनी एकही काप दिला नव्हता. ओतल्यावर वरचं पाणी उडून जाईपर्यंत तुम्ही सगळ्यांना हात बांधून उभं केलंत. मग रंगाची भुकटी एकदम न टाकता दोन फेऱ्यांत, ओलावा शोषून ती गडद झाल्यावरच रंधा. बोटाने दाबून बघत होतात, आणि ठसे मारायची ठीक वेळ आली तेव्हा मात्र कुणाला श्वास घ्यायची फुरसत नव्हती.

मी नंतर वाचलं, ठशांचं हे तंत्र १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी रुजवलं. म्हणजे विद्या तशी जुनी आहे. ठसे आधीच्या लोकांकडेही होते, रंग त्यांच्याकडेही होता. थांबण्याची तयारी तेवढी नव्हती. या कामात झाकता येण्यासारखं फार असतं. वरून रंग, वरून चकाकी, आणि खाली काय केलं ते मालकाला महिनोन् महिने कळत नाही. अशा जागी जो माणूस कुणी बघत नसतानाही नीट वागतो, त्याच्यावर घरं उभी असतात. शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यांच्या माणसांतही हा सरळपणा मला क्वचितच भेटला आहे.

सीलरसाठी मी घाई करत होते तेव्हा तुम्ही २८ दिवस थांबवलंत. मधल्या काळात पायऱ्यांवर पांढरी झाक आली, पण मी घाबरले नाही, कारण ती येऊ शकते हे तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं: आतला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवेत पांढरा पडतो. घासून काढली, गेली. एका रेषेत केसासारखा तडाही दिसतो आहे, अगदी तुम्ही दाखवला होता तिथेच. पाहुण्यांना मी तो मुद्दाम दाखवते.

आई आता रोज संध्याकाळी बाहेर बसते. पाऊस पडून गेल्यावरसुद्धा.

दोन-तीन वर्षांनी सीलरचा नवा हात द्यावा लागेल असं तुम्ही म्हणाला होतात. तो तुम्हीच द्यायचा, दुसऱ्या कुणाला मी अंगणाला हात लावू देणार नाही. आणि येताना भुकटी उधळणाऱ्या त्या मुलाला नक्की घेऊन या. जाताना त्याने आईची काठी उचलून तिच्या हातात दिली होती. तेव्हा त्याचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून ती अजून हळहळते.

तुमची ऋणी,
त्या आजींची मुलगी