सुहासला पत्र: कन्सोल घे, आणि खेळायलाच घे

रामबाग, इंदूर

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझी बदली इंदूरला झाल्याचं कळल्यापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही. आई तर तुम्ही सुदामानगरात पाहिलेलं घर कोणत्या गल्लीत आहे हे रोज विचारते. तुझ्या पत्रातला प्रश्न मात्र घराचा नव्हता, प्लेस्टेशन, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचा सोनीचा कन्सोल घ्यायचा, की गेमिंगचा पीसी (कॉम्प्युटर) बांधून घ्यायचा, हा होता. बजेट ८० हजार. आणि शेवटी तू लिहिलंस, "पीसी घेतला तर मुक्ताचा अभ्यासही होईल." बाकीचं पुढे सांगतोच, पण आधी या वाक्याबद्दल बोलू दे, कारण माझ्या मते तुझी अडचण तिथेच सुरू होते.

आपल्या लोकांच्या घरांत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जो जो कॉम्प्युटर आला तो अभ्यासाच्या नावाने आला. कॅरम आणला, बॅट आणली, तर कुणी कारण विचारत नाही. पण पन्नास हजारांची वस्तू निव्वळ खेळायला आणायची म्हटलं की आपल्याला संकोच वाटतो आणि आपण तिला अभ्यास जोडतो. मग ते कारण खरं वाटावं म्हणून खर्च वाढत जातो. अभ्यासाला मॉनिटर मोठा हवा, टेबल नवीन हवं, पाच वर्षं चालायला हवा म्हणून ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं काढणारा भाग, वरच्या नंबरचं हवं. ८० हजारांचे बघता बघता सव्वा लाख होतात. सातवीतल्या मुलीच्या अभ्यासाला ग्राफिक्स कार्ड लागत नाही रे. आणि पोरं हे सगळं बघत असतात. खेळायचं असेल तर अभ्यासाचं नाव पुढे करायचं, हे तिने आपल्याकडून शिकू नये असं मला फार वाटतं. तुला खेळायचंय, तिलाही खेळायचंय, तर खेळायचं यंत्र खेळायचं म्हणूनच आण. अभ्यासाचं वेगळं बघू, त्याचा मार्ग आहे माझ्याकडे.

आता पैशांचं. सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस५, आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला आला तेव्हा डिस्कवाल्याची किंमत ४९,९९० होती. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्याचाच लहान आकाराचा स्लिम आला तो ५४,९९० ला. पूर्वी असं नव्हतं. पीएस२ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला निघाला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. म्हणजे थांबलं की स्वस्त मिळायचा. या पिढीत ते राहिलं नाही, तेव्हा "दोन वर्षं थांबू, उतरेल" हा तुझा विचार सोडून दे.

तरीही त्या पैशांत जेवढं यंत्र मिळतं तेवढं पीसीत मिळत नाही. आठ कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी मेमरी, वेगवान एसएसडी आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स, हे सगळं सुट्या भागांतून जमवायला गेलास तर मॉनिटरसकट लाखाच्या घरात जाशील. त्यात सध्या रॅमचे, म्हणजे मेमरीचे, भाव चढलेत, कारण मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळतोय. कन्सोलवाल्यांना यंत्रावर फारसं कमवायचं नसतं. त्यांची कमाई पुढे गेममधून होते, आणि ती आपल्याच खिशातून होते. सोनीचा स्वतःचा नवा गेम पाच हजारांच्या आसपास येतो. विकत घेतलेला गेम ऑनलाइन दुसऱ्यांशी खेळायचा तर पीएस प्लसची वर्गणी वेगळी. फुकट मिळणाऱ्या गेमना ती लागत नाही, पण बाकीच्यांना लागते. पीसीवर ही वर्गणी मुळातच नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ पासून किमती रुपयांत आहेत, उन्हाळ्या-हिवाळ्याच्या सेलमध्ये वर्ष-दोन वर्षं जुने गेम अर्ध्यावर किंवा त्याहून खाली येतात. एपिक या तशाच दुसऱ्या दुकानात दर आठवड्याला काही ना काही फुकट असतं. शिवाय स्टीमवरचा गेम दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल आणि घेऊन चौदा दिवस झाले नसतील तर पैसे परत मागता येतात. थोडक्यात, पीसी पैसे आधी घेतो आणि मग सूट देतो, कन्सोल आधी सूट देतो आणि मग पैसे घेत राहतो. पाच वर्षांचा हिशेब मांडलास तर वर्षाला आठ-दहा गेम घेणाऱ्याला पीसी परवडतो, तीन-चार घेणाऱ्याला कन्सोल. बँकेची नोकरी सांभाळून तू तीन-चारच्या वर जाणार नाहीस.

आणि एक गोष्ट अशी की डिस्क असेल तर हा हिशेब आणखी बदलतो. म्हणून डिजिटल एडिशन, म्हणजे डिस्क घालायची सोय नसलेला पीएस५, स्वस्त दिसली तरी घेऊ नकोस. डिस्क खेळून झाली की विकता येते, बदलता येते, उसनी देता येते. स्टीमवरचा गेम तुझ्या खात्याला बांधलेला, तो तू मलाही विकू शकत नाहीस. इंदुरात जुन्या डिस्क घेणारे-देणारे आहेत, माझ्या ऑफिसातले तिघे आपसांत फिरवतात, त्यांच्यात तुला घालून देतो. पीएस४ चे जवळजवळ सगळे गेम पीएस५ वर चालतात, आणि त्या जुन्या डिस्क चांगल्या स्वस्त मिळतात. तू गेली सात-आठ वर्षं काहीच खेळलेला नाहीस, म्हणजे तुझ्यासाठी ते सगळे नवेच.

मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स कन्सोलचंही विचारलं होतंस. यंत्र उत्तम आहे, पण आपल्याकडे त्याच्या डिस्क दुकानात क्वचित दिसतात, तेव्हा अदलाबदलीचा फायदा जातो. निन्टेन्डो ही कन्सोलची तिसरी कंपनी भारतात अधिकृतपणे विकतच नाही, बिघडला तर जायचं कुठे हा प्रश्न राहतो.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी पीसी सोडला. मुळीच नाही. माझा पीसी माझ्या खोलीत आहे आणि तो मला अतिशय प्रिय आहे. आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलमध्ये दुकानं पालथी घालून एकेक भाग आणायचा, घरी जमिनीवर चादर टाकून जोडायचा, थर्मल पेस्ट लावताना श्वास रोखायचा आणि पहिल्यांदा स्क्रीन उजळली की जो आनंद होतो, तो तयार डबा उघडून होत नाही. माउसने नेम धरण्याची सवय लागलेला हात पॅडवर रमत नाही. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रं दाखवणाऱ्या, मॉनिटरवर दर सात मिलिसेकंदांना नवं चित्र येतं, सेकंदाला साठ चित्रं असली तर तेच जवळजवळ सतरा मिलिसेकंदांना. काउंटर-स्ट्राइकसारख्या नेमबाजीच्या गेममध्ये हा फरक मला बोटांत जाणवतो.

आणि पीसीची खरी दौलत आहे ती लोकांनी केलेली कामं. क्रिकेट ०७ आठवतो का? तुमच्या वाड्यातल्या माडीवर एकाच कीबोर्डवर आपण दोघं, तू बाणांच्या कळांवर, मी डावीकडच्या अक्षरांवर, आणि बॉलिंग बदलताना कोपर लागून होणारी भांडणं. मूळ गेममध्ये आपल्या टीमची नावंच बनावट होती, लायसन्स ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंडचं तेवढं घेतलेलं. खरी नावं, खरे कपडे, आयपीएलच्या टीम, हे सगळं कुठल्या कुठल्या मुलांनी रात्री जागून पॅच करून फुकट वाटलं. सेहवागने आपल्या होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजला २१९ मारले, ८ डिसेंबर २०११, त्या रात्री आपण पॅचवाल्या सेहवागला घेऊन तसेच मारायला बसलो होतो. ईए या कंपनीने २००६ साली काढलेला तो गेम, त्यानंतर त्यांनी पीसीवर क्रिकेटचा गेम काढला नाही, आणि तो आजही लोक खेळतात कारण पीसीवर कुणी कुणाला अडवत नाही. कन्सोलवर कंपनीने सोडून दिलं की बहुतेक वेळा तिथेच संपतं. पीएस५ मध्ये पीएस३ ची डिस्क घालून बघ, चालणार नाही. हे मला खरंच दुखतं, आणि म्हणून माझ्यासाठी मी पीसीच निवडेन.

पण हे पत्र तुझ्यासाठी आहे. तू संध्याकाळी साडेसातला घरी येशील, जेवणाआधी किंवा नंतर मिळाला तर एखादा तास. पीसीवर त्या तासातली पंधरा मिनिटं कधी ड्रायव्हरला जातात, कधी विंडोजच्या अपडेटला, तर कधी सावल्या मीडियम ठेवू की हाय यात. मला त्या खटपटीत रस आहे. तुला नाही, कधीच नव्हता. सायबर कॅफेतसुद्धा गेम लावून द्यायचं काम माझं असायचं. कन्सोल सगळ्यांकडे सारखाच असतो, त्यामुळे गेम करणारे त्या एका यंत्रावर घासून-पुसून घेतात, आणि तुला बटण दाबून बसायचं तेवढं राहतं. मोठे गेमही तिथे आधी पोचतात. जीटीए ५ कन्सोलवर २०१३ च्या सप्टेंबरात आला, पीसीवर २०१५ च्या एप्रिलात. सोनीचा स्पायडर-मॅन २ पीएस५ वर ऑक्टोबर २०२३, पीसीवर जानेवारी २०२५.

याहून मोठं कारण म्हणजे पीसी खोलीत जातो आणि कन्सोल हॉलमध्ये राहतो. पीसी मुक्ताच्या टेबलावर गेला की दार लागेल, आणि मग वृंदावहिनींना तिला हाका मारत बसावं लागेल. हॉलमध्ये टीव्हीसमोर दोन कंट्रोलर असले की सोफ्यावर कुणीही येऊन बसतं. नाना आले की त्यांच्या हातात दे. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी जिंकली ती गोष्ट त्यांनी आपल्याला किती वेळा सांगितली आहे! त्यांना क्रिकेट २४ मध्ये नातीला बॉलिंग टाकू दे. तू आणि मुक्ता आधी ॲस्ट्रोज प्लेरूम खेळा, तो यंत्रातच येतो, फुकट आहे, आणि कंट्रोलर काय काय करू शकतो ते त्यात कळतं. मग इट टेक्स टू नावाचा गेम घ्या. तो एकट्याला खेळताच येत नाही. दोन माणसं हवीतच, आणि एकमेकांशी बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलीशी रोज अर्धा तास बोलायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते तू मला सांगायला नको. तिचं खातं तुझ्या खात्याखाली मुलांचं खातं म्हणून उघड, रोजची वेळ तिथे ठरवून देता येते. जीटीए अठराच्या वरच्यांसाठी आहे, तो तिच्यासमोर लावू नकोस, एवढं माझं ऐक.

तर हिशेब असा. डिस्कवाला पीएस५ स्लिमच्या २०२४ मधल्या किमतीने सुमारे ५५ हजार, दुसरा कंट्रोलर सहा हजारांच्या आसपास. उरलेल्या एकोणीस-वीस हजारांत मुक्ताला रिफर्बिश्ड लॅपटॉप घेऊ, ऑफिसांतून निघालेले चांगले मिळतात. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, कारण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्याहून जुन्यांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. ती सुंदर चित्रं काढते, मागच्या दिवाळीत तिने दाखवलेली वही मी विसरलो नाही. त्या लॅपटॉपवर तिला थ्रीडी चित्रं करायचं ब्लेंडर आणि गेम बनवायचं गोडो टाकून देतो, दोन्ही फुकट आहेत, सुरुवातीला तेवढा लॅपटॉप पुरतो. तिथे ती रमली, स्वतःचे गेम करायला लागली, तर दोन वर्षांनी आपण तिघं मिळून पीसी बांधू आणि तेव्हा ग्राफिक्स कार्डाला मीच आग्रह करीन. पुण्याच्या नॉडिंग हेड्सवाल्यांनी २०२० साली राजी नावाचा गेम काढला, तो तिला आधी दाखव. आपल्याकडच्या माणसांनी केलेला आहे हे कळलं की तिचे डोळे बघ.

इथल्या हवेचंही लिहून ठेवतो. शब-ए-मालवा म्हणतात ती रात्र अजून गार असते, पण मेमधली दुपार चाळीसच्या वर जाते आणि धूळ भरपूर. कन्सोल शोकेसच्या काचेआड ठेवू नका, चारी बाजूंनी वारा लागला पाहिजे. इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोडचं बटण असतं ते चालू ठेवा, नाहीतर वीज गेली की गेम सेव्ह होण्याआधीच बंद पडेल.

तुमचा टीव्ही कोणता आहे ते तू लिहिलं नाहीस. त्याच्या मागच्या लेबलाचा फोटो पाठव, गेम मोड आहे का ते मी बघतो. नसेल तर बटण दाबल्यावर चित्र उशिरा हलतं, आणि मग नाना म्हणतील यंत्रच खराब आहे. खरेदी इथे आल्यावरच कर, भोपाळहून आणू नकोस. बिल इथलं असलं की वॉरंटीला धावपळ होत नाही. सामान लागलं की पहिल्या शनिवारी मी संध्याकाळी येतो, एचडीएमआयची जादा केबल माझ्याकडे आहे. वहिनींना सांग, जेवण करू नका, रात्री सराफ्यात खायला जाऊ.

नानांना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अनिरुद्ध