वाळू – घरची

पुणे,
18 ऑगस्ट 2024

प्रिय सुमे,

आप्पांनी स्लॅब चाटला.

हसून झालं की पुढे वाच. फोन करणार होते, पण फोनवर तू हसली असतीस, मी हसले असते आणि विषय तिथेच संपला असता. शिवाय दोन वर्षं मी तुला धड एक फोन केलेला नाही, त्यामुळे एकदम हे कसं सांगायचं तेही कळेना. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "म्हातारपणी होतं असं." त्याला काय कळणार? तो आमच्या लग्नाच्या दिवशी मांडवात फोटो काढून घेत होता.

आमचं सगळं ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे, मिलिंदचं पोट आहे तिथून पुढे आलं आहे.

तर झालं असं. 9 जुलैच्या रात्री आंजर्ल्याला, सासरच्या घरी, ओटीवरचा स्लॅब आला खाली. सगळा नाही, झोपाळ्याच्या कड्यांपासून जिन्यापर्यंतचा. आप्पांची खाट एरवी तिथेच असते. त्या रात्री झड आत येत होती म्हणून त्यांनी ती ओढून माजघरात नेली होती, म्हणजे जुन्या कौलांखाली. शेजारच्या वहिनींचा पहाटे फोन आला. आम्ही ताम्हिणीतून, दरडी आणि धबधब्यावरची पोरं चुकवत संध्याकाळी पोचलो, तर आप्पा ढिगाऱ्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलेले. पहिलं वाक्य काय असेल? "पस्तीस वर्षं झाली त्याला. माणूससुद्धा इतकी नोकरी करत नाही." तू लग्नात म्हणाली होतीस, हा स्लॅब वीस वर्षं टिकेल, आठवतं ना? म्हणजे त्यांच्या हिशेबाने तूच पंधरा वर्षांनी चुकलीस.

ते घर तू एकदाच पाहिलंस, तेही लग्नाच्या गर्दीत, त्यामुळे त्याचे सगळे गुण तुला माहीत नाहीत. जुनं घर चांगलं होतं ग. जांभ्याच्या भिंती, मातीत बांधलेल्या, पण दीड हात रुंद. वर मंगलोरी कौलं. आप्पांच्या वडिलांनी बांधलेलं. मग 1989 साली गावात कुणीतरी स्लॅब घातला आणि आमच्या गणिताच्या मास्तरांना, म्हणजे आप्पांना, तो घालायचाच झाला. अर्ध्या घरावरची कौलं उतरवून त्या मातीच्या भिंतींवर थेट स्लॅब. कॉलम नाहीत, बीम नाही, उतार नाही. कंत्राटदार दोन गोष्टी सांगायला गेला तर त्याला घालवून दिला. "मी स्वतः उभा राहून बांधलंय," हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! उभे होते हे खरं, कुठे बघत होते देव जाणे. जिना थेट गच्चीवर जातो आणि तिथे वरच्या मजल्यासाठी सोडलेल्या सळ्या अजून आभाळाकडे बोटं करून उभ्या आहेत. त्यांच्यावर सासूबाई पापड वाळवायच्या दोऱ्या बांधायच्या. कौल आणि स्लॅब जिथे मिळतात तिथली पन्हळ दर पावसाळ्यात गळते. दर पावसाळ्यात तिथे डांबर ओततात. डांबरावर ताडपत्री, ताडपत्रीवर पत्र्याची शेड. निसर्ग वादळात, 3 जून 2020 ला, ती शेड उडून पोफळीत जाऊन पडली. तलाठी पंचनाम्याला आले तर आप्पांनी सांगितलं, "शेड गेली, घराला काही नाही. लिहा, नुकसान निरंक." गावाला मदत मिळाली, आम्ही निरंक.

आणि डागडुजी कुणी करायची? भाऊजी म्हणतात, मोठा आहे तो बघेल. मिलिंद म्हणतो, आप्पा हात लावू देत नाहीत. आप्पा म्हणतात, झालंय काय घराला? सासूबाई होत्या तोवर त्या गवंड्याला गुपचूप बोलवून, आप्पा बाजारात गेले की भेगा बुजवून घ्यायच्या आणि वर चुना फासायच्या. त्या गेल्या आणि भेगा दिसायला लागल्या.

आता मुद्द्यावर येते. दुसऱ्या दिवशी उजाडताना मी चहा ठेवायला उठले. मागच्या दारातून बघते तर आप्पा ढिगाऱ्याशी उकिडवे बसलेले. काँक्रीटचा एक तुकडा उचलला, लुंगीला पुसला आणि जिभेला लावला. थुंकले. दुसरा उचलला. तोही चाटला. मग दोन्ही तुकडे होते तिथे परत ठेवले, अगदी होते तसे, आणि गडग्यापाशी जाऊन उभे राहिले. मी पाहिलं हे त्यांना कळलेलं नाही.

सुमे, मला तो 1996 चा मे महिना जसाच्या तसा आठवला. तू ओटीच्या भिंतीला नख लावून, बोट चाटून, चारचौघांत म्हणालीस, "काका, वाळू खाडीची आहे. खारट लागतेय." आणि ते म्हणाले, "आमच्याकडे पाहुणे ताटातलं चाटतात, भिंतीचं नाही." तू न जेवता निघालीस. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, शेवटची होडी गाठायला पैठणी खोचून पळत गेलीस. आणि मी तुला ते पत्र लिहिलं. आठ महिने बोलत नव्हतो आपण. माफी मी तेव्हाही अर्धीच मागितली होती, आठवतंय मला. कारण तुझं म्हणणं बरोबर आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. आपण दोघींनी एकाच वर्गात पाठ केलं होतं की मीठ सळईपर्यंत पोचतं, गंजाला लोखंडापेक्षा जागा जास्त लागते आणि तो काँक्रीट फोडून बाहेर येतो. (जाऊबाई सुट्टीत आल्या की मला हे हमखास आठवतं.) पण नवी नवरी काय बोलणार? नंतरही बोलले नाही, तो दोष कुणाला द्यायचा?

चहा घेताना आप्पा इतकंच म्हणाले, "ती तुझी मैत्रीण अजून बांधकामातच आहे का?" म्हटलं, हो, आता ती पडायला आलेल्या बिल्डिंगी तपासते. थोडं थांबून म्हणाले, "पैसे किती घेते?"

मग त्यांनी वही काढली. 1989 ची. सिमेंटच्या गोण्या तारखेवार, सळईचं वजन, गवंड्याची मजुरी, बिड्यांसुद्धा! आणि वाळूपुढे रकमेच्या जागी एक शब्द: घरची. बैलगाडीने रात्री खाडीतून आणलेली. धुतलीसुद्धा नाही, कारण मे महिन्यात विहिरीला पाणी नव्हतं. हे त्यांनी मला आपणहून सांगितलं, आवाज न बदलता, जसं वर्गात उदाहरण सोडवून दाखवावं. मला अठ्ठावीस वर्षं ह्याच क्षणाची वाट होती आणि आला तेव्हा काय करावं ते कळेना. मी कपबशा उचलल्या.

तेवढ्यावर थांबते तर बरं. पण त्यांनी नवीनच काढलंय. घर माझ्या नावावर करायचं. मुलांच्या नाही, माझ्या. "पोरगे विकतील नाहीतर तसंच ठेवतील." भाऊजींच्या डोक्यात होम-स्टे आहे, कासवं बघायला माणसं येतातच. मिलिंद वकिलाकडे जाऊन आला. मुलाला, मुलीला, नातवाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक 200 रुपये. सुनेलाही तितकाच, पण ती मेलेल्या मुलाची बायको असेल तर! हे सांगून मिलिंद म्हणाला, "बघ, सवलत घ्यायची का." मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, म्हणून आता ते चाललंय. मला नकोय ग ते घर. ज्या घराला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या त्याची घरपट्टी मी भरू? आणि तरी परवा भाऊजी फोनवर "ते खंडार" म्हणाले तेव्हा मी चवताळले. का, ते विचारू नकोस.

तू सांग काय करायचं. उरलेला स्लॅब खाली घ्यायचा तर ब्रेकर मशीन लावलं की मातीच्या भिंती हलतील ना? आधी टेकू देऊन हाताने फोडावा लागेल? परत कौलंच घालायची असं माझ्या मनात आहे, खाली लोखंडी पाइपाचा सांगाडा. ओटीला साडेपाचशे तरी लागतील. आणि ऐक, उतरवलेली जुनी कौलं मांगरात रचून ठेवलेली आहेत, दर ओळीवर खडूने आकडा. मी मोजली, चारशे बारा धड आहेत. आप्पा काहीच फेकत नाहीत, गंजके डबेसुद्धा नाहीत, तेव्हा त्यातून काही अर्थ काढायला मी जात नाही.

सध्या ते इथे पुण्यात आहेत आणि आमच्या फ्लॅटच्या बीम टिचक्या मारून तपासतात. दसऱ्याला परत जाणार म्हणतात, मुक्कामालाच.

तुझ्याबद्दल काहीच विचारलं नाही ना? काकू गेल्या तेव्हा मी यायला हवं होतं. ऑडिट चालू होतं बँकेत, पण ते कारण नव्हे. तुझी लेक पुण्यात शिकायला येणार असेल तर आमच्याकडे राहू दे. गुडघ्याचं काय झालं?

दिवाळीनंतर चार दिवस काढ. आता पूल आहे, पळावं लागणार नाही. फी आप्पा देतील, मी वहीत लिहून घेतलंय.

तुझी,
वीणा

ता. क. येताना बॅटरी आण. न्हाणीघराचा दिवा अजून माजघरातूनच लागतो.