विषय: ‘देशी माळरान गवत मिश्रण’ या नावाने विकलेल्या बियाण्याबाबत तक्रार

दि. १४ नोव्हेंबर २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

महोदय,

माण तालुक्यातील आमच्या कुटुंबाच्या माळरानावर खडीसाठी दगडखाण चालत होती. तिचा भाडेपट्टा संपल्यावर त्या तीन हेक्टर जागेत पूर्वीचे गवत परत यावे, एवढ्याच हेतूने मी आपल्या कंपनीकडून ‘देशी माळरान गवत मिश्रण’ हे बियाणे विकत घेतले. आपल्या दरपत्रकात आणि पिशवीवर मारवेल, पवना, शेडा, डोंगरी आणि अल्प प्रमाणात कुसळी अशी पाच नावे छापलेली आहेत. कुसळीचे प्रमाण कमी ठेवावे, असे मीच मागणी नोंदवताना सांगितले होते, कारण तिची कुसळे मेंढरांच्या लोकरीतून कातडीत घुसतात आणि कोवळेपण सरले की धनगरही ती टाळतात. मागणी इतकी नेमकी असताना, पावसाळा संपून फुलोरा आल्यावर शेतात दिसते ते असे: बहुतेक भाग स्टायलो या चारापिकाने व्यापलेला आहे, त्यात अधूनमधून अंजन गवताचे ठोंब आहेत आणि सर्वत्र सुबाभळीची रोपे डोकावत आहेत. छापलेल्या पाच नावांपैकी केवळ मारवेल थोडे सापडले, तेही न खोदलेल्या माळाला लागून असलेल्या कडेला. ते आपल्या पिशवीतून आले, असे म्हणणे धाडसाचे होईल. ही ओळख आमच्याकडील जुन्या मेंढपाळांनी आणि महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी, दोघांनीही स्वतंत्रपणे पटवली आहे.

माझ्या पहिल्या तक्रारीवर आपल्या प्रतिनिधींनी जागेची छायाचित्रे घेतली आणि ‘क्षेत्रावरील हरित आच्छादन समाधानकारक आहे’ असे कळवून तक्रार निकाली काढली. माझा आक्षेप नेमका या उत्तरावर आहे. जागा हिरवी झाली की नाही, हे मी विचारलेच नव्हते. तेथे काय उगवले आणि ते मी मागितलेले होते का, हा प्रश्न होता आणि तो अद्याप अनुत्तरित आहे. ऑगस्टमध्ये आमच्याकडे गाजर गवताचे रानही छायाचित्रात हिरवेच दिसते.

स्टायलोला मी वाईट म्हणत नाही. ते द्विदल चारापीक आहे, हवेतील नत्र जमिनीत आणते आणि जनावरे ते खातात; एखाद्या शेतकऱ्याने चाऱ्यासाठी मुद्दाम पेरले तर त्यात गैर काही नाही. परंतु आपण पाठवलेले बियाणे ज्या जातीचे दिसते, ती मूळची कॅरिबियन प्रदेशातील आहे आणि सुबाभूळ मेक्सिको व मध्य अमेरिकेकडील. त्यांना ‘देशी’ म्हणून विकणे कोणत्याही हिशोबात बसत नाही. अंजन मात्र आपल्याकडचेच आहे, हे मी मान्य करते. तरीही ते पाच नावांत नव्हते, आणि चाऱ्यासाठी निवडलेले एकच जोमदार वाण दाट वाढले की संथ वाढणाऱ्या शेड्याला व पवन्याला जागा उरत नाही. दख्खनच्या माळांचे मुख्य गवत कोणते, हे काही गुपित नाही. दबडघाव आणि शंकरनारायण या गवत-अभ्यासकांनी देशभरातील कुरणांचे जे वर्गीकरण १९७३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात द्वीपकल्पाचा हा सारा प्रदेश शेडा आणि मारवेल यांच्या वंशांच्या नावानेच ओळखला आहे. बियाणे विकणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसेल, असे मला वाटत नाही.

खाणीच्या जमिनीत कस नसल्यामुळे देशी गवत उगवले नाही, असे आपले प्रतिनिधी तोंडी म्हणाले. ते वस्तुस्थितीला धरून नाही. खाण सुरू होताना वरची वीतभर माती वेगळी काढून ठेवलेली होती. भाडेपट्टेदाराने खाणीचा तळ फोडून, मुरूम पसरून, त्यावर ती माती परत टाकून दिली. याच जागेच्या एका पट्ट्यात आपले बियाणे न टाकता, शेजारच्या माळावर गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला पिकलेले गवत बियांसकट कापून, वाळवून, जूनमध्ये पसरले होते. या गवतांचे ताजे बी लगेच उगवत नाही, त्याला काही महिने मुरावे लागते, म्हणून ते तोवर राखून ठेवले. त्या पट्ट्यात शेडा आणि डोंगरी आज तुऱ्यावर आहेत. माती तीच, पाऊस तोच, फरक बियाण्याचा.

पिशवीतील उरलेले बियाणे मी बंद करून ठेवले आहे. शेडा, पवना किंवा कुसळी यांच्या बियांना कुसळे असतात आणि त्या एकमेकींत गुंततात. आपले बी मात्र मुठीतून वाळूसारखे गळते. कुसळे काढून प्रक्रिया केल्यामुळे तसे होते, हा खुलासा मी ग्राह्य धरला असता, पण यातील बहुसंख्य शेंगांना स्टायलोची आकड्यासारखी चोच भिंगाखाली स्पष्ट दिसते.

हे माझ्या हौसेचे काम नाही. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठापुढील प्रकरणात, खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत लावून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्या वाढीस योग्य करावी, अशी अट खाणपट्ट्यांत घालण्याचा निर्देश दिला. आमच्या भाडेपट्टेदाराने सपाटीकरण करून दिले, पेरणी मी स्वीकारली. चुकीचे बी पडल्यामुळे ती जबाबदारी आता अपुरी राहिली आहे. आमच्या माळावर दरवर्षी दख्खनी मेंढ्यांचे वाडे (धनगरांचे कळप) उतरतात, त्यांना यंदा ही जागा वगळावी लागली, कारण स्टायलोचे बी मेंढ्यांबरोबर उरलेल्या चांगल्या माळात पसरावे, अशी माझी इच्छा नाही.

माळावरील रानगवते बियाणे अधिनियम, १९६६ खाली अधिसूचित नसल्यामुळे उगवणक्षमता व शुद्धतेची मर्यादा आपल्याला लागू होत नाही, असेही आपण लिहिले आहे. ते क्षणभर मान्य केले, तरी पिशवीवर एक नाव छापून आत दुसरे बी भरणे ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील अनुचित व्यापार प्रथा ठरते. सदोष बियाण्याबद्दल शेतकरी ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केले आहे.

तरी बियाण्याची संपूर्ण किंमत परत करावी. स्टायलो आणि सुबाभूळ यांचे बी झडून जमिनीत पडण्यापूर्वी ती मुळासकट उपटण्याचा मजुरीखर्च आपण सोसावा. आणि हे बियाणे कोठे, कोणत्या हंगामात गोळा केले, याची नोंद मला लेखी द्यावी. सुबाभळीचे बी मातीत अनेक वर्षे जिवंत राहत असल्याने उपटणीचे काम पुढच्या हंगामावर ढकलता येणार नाही. उरलेल्या बियाण्याचा नमुना आपल्या प्रतिनिधीसमक्ष मोहरबंद करून पुण्याच्या शासकीय बीज परीक्षण प्रयोगशाळेकडे पाठवण्यास माझी तयारी आहे. बदली बियाणे देण्याचा आपला प्रस्ताव मला नको. पुढील जूनसाठी लागणारे गवत आम्ही आमच्याच माळावरून कापत आहोत.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज दाखल करीन. खरेदीची पावती, पिशवीवरील लेबलाची प्रत, दोन्ही पट्ट्यांची छायाचित्रे आणि उगवलेल्या वनस्पतींची ओळख नोंदवणारे प्राध्यापकांचे पत्रक सोबत जोडले आहे.

आपली,
(सही)
जमीनधारक व ग्राहक, माण तालुका, जि. सातारा