धडा पाळीच्या आधी हवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी 22 वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. प्रजननसंस्थेचा धडा आला की सुरुवातीची काही वर्षे मीही 'हा घरी वाचून या' असे सांगून पुढे जात असे, आणि त्याची खंत आजही मनातून गेलेली नाही. पुढे मी वर्गात एक बंद खोका ठेवला आणि मुलींना नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगितले. वहीच्या पानाचा कोपरा फाडून पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी मी विसरू शकत नाही : 'दोन महिने पाळी आली नाही. मला बाळ होणार का? मी तर काहीच केलेले नाही.' पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षे दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतेच असे नाही, त्यामुळे पाळी मागेपुढे होते, एवढे तिला वेळीच कुणी सांगितले असते तर ते दोन महिने तिने धास्तीत काढले नसते.

पहिली पाळी बहुतेक मुलींना बाराव्या-तेराव्या वर्षी येते, काहींना त्याआधीही. म्हणून हे लैंगिक शिक्षण दहाव्या वर्षाच्या सुमारास सुरू व्हायला हवे. या वयात दोन पाळ्यांमध्ये 21 ते 45 दिवसांचे अंतर असू शकते. पण रक्तस्राव सात दिवसांहून अधिक चालला, तासा-दोन तासांत पॅड भिजू लागले किंवा पंधरावे वर्ष सरले तरी पाळी आलीच नाही, तर डॉक्टरांना दाखवायला हवे, हे मुलीला स्वतःला ठाऊक असावे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला रोखणारी एचपीव्ही लस प्रामुख्याने 9 ते 14 या वयात देतात. ती कशासाठी, हेही दंड पुढे करणाऱ्या मुलीला आधी समजावे.

अशा शिक्षणाने मुली नको त्या वाटेला लागतील, ही पालकांची भीती मी अनेकदा ऐकली आहे आणि ती त्यांच्या काळजीतून येते हेही जाणते. मात्र युनेस्कोने 2018 मध्ये सुधारित केलेल्या मार्गदर्शिकेत मांडलेले पुरावे सांगतात की त्यामुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होत नाहीत, उलट गर्भनिरोधनाबाबतची जाण वाढते. पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींच्या मृत्यूंच्या प्रमुख कारणांत जगभर गरोदरपण आणि बाळंतपणातील गुंतागुंत येते, हे ध्यानात घेतले तर ही जाण लांबणीवर टाकता येत नाही. शिवाय ज्या मुलीला स्वतःच्या अवयवांची नावे उच्चारायला कुणी शिकवलेच नाही, तिच्याशी कुणी गैरवर्तन केले तर ती ते सांगणार कोणत्या शब्दांत? (मुलग्यांनाही हे सारे शिकवायलाच हवे, तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे.)

माझी शिक्षण विभागाला विनंती आहे की हा विषय शिकवणाऱ्यांना आधी रीतसर प्रशिक्षण द्यावे, कारण शिक्षिकाच अवघडली तर वर्ग गप्प होतो. त्यावर परीक्षा मात्र घेऊ नये. आणि प्रत्येक वर्गात असा एक खोका असावा. त्यातल्या प्रश्नांची उत्तरे सर्वांसमोर द्यावीत आणि अक्षर ओळखून कुणी चौकशी करू नये म्हणून चिठ्ठ्या लगेच फाडून टाकाव्यात.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका