धरणाकाठचे तीन गुंठे

सातारा

चि. अश्विनीस अनेक आशीर्वाद.

धोम धरणाच्या पाण्याकाठी तीन गुंठ्यांवर घर बांधायला ना हरकत दाखला द्यायचा की नाही, हा विषय तुझ्या पुढच्या मासिक सभेत आहे आणि सरपंच म्हणून सही तुझी पडणार. माझं मत आधीच सांगतो. त्या जागेत घर बसतं, संडासाचं पाणी बसत नाही. म्हणून घराच्या नकाशाआधी शोषखड्ड्याची जागा दाखवायला सांग.

पण त्याआधी कागद. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ प्रमाणे तुमची बांधकाम परवानगी गावठाणापुरती. हा गट गावठाणाबाहेर आहे, तिथे महसूल आणि नगररचना खातं ठरवणार. तुझा दाखला म्हणजे परवानगी नव्हे. तरी लोक तोच दाखवून वीजमीटर घेतात, नमुना ८ ला नोंद लावतात आणि घरपट्टीची पावती मिरवतात. नमुना ८ ही कराची नोंद, तिने बांधकाम कायदेशीर होत नाही, हे ठरावात लिहूनच टाक.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन, असं आहे का ते बघ. धरणग्रस्तांना मिळालेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नाही. हे तीन गुंठे वेगळे कोणत्या फेरफाराने झाले तेही काढ. तुकडेबंदीची, म्हणजे शेतजमिनीचे याहून लहान तुकडे पाडू नयेत याची, २०२३ ची मर्यादा बागायतीला १० आणि जिरायतीला २० गुंठे आहे. पुढे काही सवलती आल्या, पण या व्यवहाराला त्यातली कोणती लागू पडते ते तलाठ्याकडून लेखी घे.

आता पाणी. प्लॉट दाखवणारे एप्रिल-मेमध्ये दाखवतात. तेव्हा पाणी पार खाली गेलेलं असतं आणि मधला सगळा उतार प्लॉटचाच वाटतो. त्यातला बराचसा भाग धरणासाठी सरकारने संपादित केलेला असतो. पाणी हटल्यावर तिथे जी गाळपेर होते ती सरकारी जमिनीवर, हंगामापुरत्या भाडेपट्ट्याने. ती कोणी विकू शकत नाही. भूमी अभिलेखकडून हद्द कायम मोजणी आणि संपादनाच्या हद्दीचे दगड, दोन्ही एकाच नकाशावर हवेत. पूर्ण संचय पातळी (धरण भरल्यावरची) आणि पुरातली महत्तम पातळी, दोन्हींचे मीटरमधले आकडे धरणाच्या शाखा कार्यालयातून घ्यायला सांग आणि ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून त्या पातळ्यांच्या खुंट्या जागेवर मारून घे. फुगवट्याच्या शेपटाला, जिथे नदी धरणात शिरते, पुरात पाणी भिंतीजवळच्यापेक्षा उंच चढतं, म्हणून प्लॉट तिकडचा असेल तर नुसत्या आकड्यावर विसंबू नकोस. काठापासून किती अंतर मोकळं सोडायचं तेही जलसंपदा विभागाच्या पत्रातूनच ठरू दे, एजंटच्या तोंडून नको.

तीन गुंठे म्हणजे ३,२६७ चौरस फूट. प्लॉट ३३ फूट रुंद, ९९ फूट लांब धर. शोषखड्डा पिण्याच्या विहिरी-बोअरपासून किमान १५ मीटर, म्हणजे पन्नास फूट लांब हवा. स्वतःच्या प्लॉटमध्ये एक टोक बोअरला, दुसरं खड्ड्याला दिलं की जमतं. पण शेजारचा प्लॉटही ३३ फुटांचाच, आणि त्याने बोअर तुमच्या खड्ड्यासमोर मारली की दोघांचं गणित मोडलं. त्यात बोअर वर रस्त्याकडे घेतली तर खड्डा पाण्याकाठी येतो आणि मैला धरणात झिरपतो. खड्डा वर घेतला तर त्याचं पाणी उताराने खालच्या बोअरकडे येतं. यातून वाट एकच: खासगी बोअर बंद, पाणी गावच्या नळाचं, खड्डे सगळे रस्त्याच्या बाजूला. म्हणून अर्ज एका घराचा असला तरी विचार अख्ख्या ओळीचा कर.

खड्डा शोषतो का, तेही बघायला हवं. आपल्याकडे दोन-चार फूट मुरूम आणि खाली काळा कातळ. पाणी मुरमातून झटकन उतरतं, कातळावर अडतं आणि आडवं जाऊन काठाला फुटतं, तेही न गाळलेलं. खड्ड्याच्या तळापासून भूजल निदान दोन मीटर खाली हवं, आणि हे पावसाळ्याच्या शेवटी तपासायचं. खड्ड्याच्या खोलीवर फूटभर रुंद भोक घे, आदल्या दिवशी पाणी पाजून ठेव, दुसऱ्या दिवशी सहा इंच पाणी भरून ते किती उतरतं ते मोज. तासाला एक इंचही उतरलं नाही तर शोषखड्डा चालणार नाही. फार भराभर उतरलं तरी खुश होऊ नकोस, कारण वर लिहिलंच आहे.

पाच माणसांच्या सेप्टिक टाकीला दीड मीटर लांबी, पाऊण मीटर रुंदी आणि एक मीटर पाण्याची खोली लागते. अर्जात माणसं पाचच असतील. पुढे तिथे होमस्टे निघाला की शनिवारी पंचवीस उतरतात, मैला बसायला वेळ मिळत नाही आणि गाळ थेट खड्ड्यात जाऊन त्याची छिद्रं बुजवतो. दोन-तीन वर्षांनी उपशाची गाडी आत येईल एवढा रस्ता आहे का तेही बघ. भर पावसात टाकी पूर्ण उपसू देऊ नका. आजूबाजूचं पाणी रिकामी टाकी उचलतं आणि पाइप तुटतात.

उतारावर जोतं काढायला डोंगर खणणार असतील तर मात्र जास्त सावध राहा. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळेला दरडी आल्या ते विसरण्यासारखं नाही. खणलेल्या कडेला संरक्षक भिंत, भिंतीमागे दगडगोटे, पाणी निघायला तीन-चार इंची नळ्या. भरावावर पाया नको, कातळ किंवा पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. ओढ्याची वाट प्लॉटमधून जात असेल तर ती वळवायलाही हो म्हणू नकोस.

यातलं पाण्याच्या खुंट्यांचं आणि खड्ड्याच्या चाचणीचं काम झालेलं नसेल तर नामंजूर असं लिहू नकोस. 'कागद व चाचणी अपूर्ण, पुढील सभेत' असं लिहून अर्ज परत कर आणि कमी असलेल्या कागदांची यादी जोड. सभेत सदस्य घाई करतील. ग्रामसेवकांना ठराव वाचून दाखवायला सांग आणि मगच सही कर.

तुझे बाबा