ग्रँड ज्युरी हवी, पण तिच्यापुढे काय ठेवणार?

महोदय,

खून-बलात्कारासारख्या गुन्ह्यांत खटला उभा राहण्याआधी अमेरिकेप्रमाणे नागरिकांच्या ग्रँड ज्युरीची मंजुरी सक्तीची करावी, अशी सूचना एका वाचकाने याच सदरात केली आहे. अशा ज्युरीत मी स्वतः बसलो आहे, म्हणून लिहितो.

मी न्यू जर्सीत राहतो. इथल्या राज्यघटनेनुसार गंभीर गुन्ह्याचा खटला ग्रँड ज्युरीने आरोप मंजूर केल्याशिवाय चालत नाही. नागरिकत्व घेतल्यावर काही वर्षांनी मला कोर्टाचे समन्स आले. आठवड्यातून एक दिवस, असे कित्येक आठवडे. आम्ही तेवीस जण : शाळेच्या बसचा ड्रायव्हर, औषधांच्या दुकानातल्या बाई, निवृत्त प्लंबर, मी. खोलीत न्यायाधीश नाहीत, आरोपी नाही, त्याचा वकीलही नाही. फक्त सरकारी वकील. एखादा डिटेक्टिव्ह येतो, शपथ घेऊन दहा-पंधरा मिनिटांत हकीकत सांगतो. वकील कलम वाचून दाखवतो आणि बाहेर जातो. मग मतदान. बारा हात वर झाले की आरोप मंजूर. आत काय घडले ते कुणाला सांगायचे नाही, अशी शपथ असते. घरी बायको विचारायची, ‘आज काय झालं?’ मी म्हणायचो, ‘ट्रॅफिक होतं.’

पहिल्या दिवशी प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप वर जायला लागले. माझाही. जेवणानंतरच्या प्रकरणांत तर जास्तच.

सरकारी वकिलाने मनात आणले तर ग्रँड ज्युरी हॅम सँडविचवरही, म्हणजे अगदी कशावरही, आरोप ठेवील, असे न्यूयॉर्कचे मुख्य न्यायाधीश सॉल वॉक्टलर १९८५ मध्ये म्हणाले होते. ते उगाच नव्हे. २०१० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वकिलांनी सुमारे १,६२,००० प्रकरणे चालवली आणि त्यांपैकी ११ प्रकरणांत ग्रँड ज्युरीने नकार दिला. गंमत म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनमध्ये खरोखरच सँडविचचे प्रकरण आले. केंद्राच्या अधिकाऱ्यावर सँडविच फेकणाऱ्या माणसावर गंभीर गुन्हा लावायला तिथल्या ग्रँड ज्युरीने नकार दिला. मग किरकोळ गुन्ह्याचा खटला भरला, त्यातूनही तो नोव्हेंबरमध्ये सुटला. म्हणजे ही माणसे अगदीच नंदीबैल नसतात.

पण वकील जेवढे पुढे ठेवील, तेवढेच त्यांना दिसते. २०२० मध्ये केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात ब्रिओना टेलर ही कृष्णवर्णीय तरुणी पोलिसांच्या गोळ्यांनी मारली गेली. ग्रँड ज्युरीने एकाच पोलिसावर आरोप ठेवला आणि तोही शेजारच्या घरात गोळ्या घुसल्याचा. मनुष्यवधाचा आरोप आमच्यापुढे मांडलाच नव्हता, असे ज्युरीतल्या काहींनी नंतर सांगितले.

ही पद्धत आपल्याला अगदी नवीही नाही. १८३२ च्या कायद्याने मुंबईतल्या भारतीय लोकांना ग्रँड ज्युरीत बसता येऊ लागले, आणि १८६५ मध्ये ती ज्युरीच बंद झाली. पुढे निदान दंडाधिकारी साक्षी-पुरावा पाहून खटला सत्र न्यायालयाकडे पाठवीत. वेळ जातो म्हणून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तीही चौकशी मोडीत काढली. आता उरला आहे आरोपमुक्तीचा अर्ज, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच सोडून द्या अशी आरोपीची विनंती. त्या टप्प्यावर आरोपीला आपली कागदपत्रे पुढे करण्याचा हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ठरवले. न्यायाधीशांनी पाहायचे ते पोलिसांचेच बाड. मग त्यांच्या जागी तेवीस नागरिक बसवले तर काय साधणार?

इथल्या केंद्रीय पातळीवरही तीच गत आहे. आरोपीच्या बाजूचा पुरावा ग्रँड ज्युरीला दाखवण्याचे बंधन सरकारी वकिलावर नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये म्हटले. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९९६ मध्ये वेगळी वाट धरली : आरोपी निर्दोष असल्याचे थेट आणि स्पष्ट दाखवणारा पुरावा सरकारी वकिलाच्या हाती असेल, तर त्याने तो ग्रँड ज्युरीपुढे ठेवलाच पाहिजे. इथून काही उचलायचेच असेल तर एवढा नियम उचला. तो आपल्या सत्र न्यायाधीशांसमोरही चालेल, त्यासाठी ज्युरी बसवण्याची गरज नाही.

आमच्या मुदतीत एकदा सरकारी वकिलाने असा एक कागद स्वतःहून टेबलावर ठेवला. प्रकरण कोणते, ते सांगत नाही. त्या दिवशी आम्ही जेवायला तासभर उशिरा उठलो.

– एक वाचक, न्यू जर्सी