एकच बंदिश, निरनिराळी ध्वनिमुद्रणे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुनी ध्वनिमुद्रणे आता सहज मिळू लागल्यापासून एकाच बंदिशीची, म्हणजे रागात बांधलेल्या गीताची, दोन गायने शेजारी ठेवून त्यांतले खरे कोणते, असा वाद कोल्हापुरातील श्रोत्यांमध्येही वारंवार ऐकू येतो. राजर्षी शाहू महाराजांनी जयपूर घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेबांना राजाश्रय दिला आणि त्यांचे चिरंजीव भुर्जीखाँसाहेबांनी पुढे याच गावात विद्या दिली. त्या गावात तरी निवाडा करण्याआधी हा फरक कशातून येतो याचा विचार व्हावा, म्हणून हे पत्र.

ख्यालात, म्हणजे राग विस्ताराने मांडणाऱ्या गायनप्रकारात, ठरलेला भाग मुळातच थोडा असतो. अस्थायी आणि अंतरा हे बंदिशीचे दोन भाग मिळून चार-सहा ओळी गुरूकडून येतात. त्यांभोवतीचा आलाप, बोलअंग (बंदिशीच्या शब्दांनी केलेला विस्तार) आणि ताना त्या त्या वेळी सुचत जातात. मोगूबाई कुर्डीकर आणि त्यांच्याच हाताखाली घडलेल्या त्यांच्या कन्या किशोरीताई आमोणकर यांच्या गाण्यात स्वराला दिलेला अवकाश आणि लयीशी असलेले नाते इतके वेगळे आहे, की तालीम घरातली असूनही रागाचे रूप पालटलेले जाणवते. यात कोणी चुकले, असे म्हणता येत नाही.

दुसरे कारण यंत्राचे आहे आणि त्याकडे फारच कमी लक्ष दिले जाते. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत. अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटीतील ‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही ठुमरी त्या मापात बसवलेली आहे. तीच ठुमरी पंडित भीमसेन जोशी मैफलीत सावकाश खुलवत, तेव्हा तिचा बाज वेगळा होणारच. केसरबाई केरकरांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेली, तीही साडेतीन मिनिटांचीच. एवढ्यावरून त्यांच्या बैठकीचा विस्तार मोजणे अन्यायाचे आहे.

1925च्या सुमारास विजेवर चालणारे ध्वनिग्रहण आले. त्यापूर्वी गायकाला कर्ण्यात तोंड घालून जोराने गावे लागे आणि खर्जाचे, तसेच अगदी नाजूक स्वर तबकडीवर नीट उमटतच नसत. शिवाय त्या काळी सगळ्या तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांनी मुद्रित होत नसत. वेग सुमारे 6 टक्क्यांनी वाढवला, तर काळी एकमधले गाणे अर्ध्या स्वराने चढून पांढरी दोनमध्ये (पेटीवरच्या पुढच्या पट्टीत) ऐकू येते, लय चढते आणि आवाजाची जातही बदलते. एखाद्या गायकाचा आवाज ‘पातळ’ होता, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी तबकडी कोणत्या वेगाने वाजवली होती, हे आधी तपासावे.

अलीकडे खरखर काढून ‘स्वच्छ’ केलेली ध्वनिमुद्रणे लोकप्रिय आहेत, पण मला त्यांची सर्वांत अधिक चिंता वाटते. खरखर आणि तंबोऱ्याच्या जवारीतून (तारेला झंकार देणाऱ्या घोडीवरच्या घडणीतून) उठणारे बारीक नाद बऱ्याच अंशी एकाच पट्ट्यात असल्याने अति गाळणीत दोन्ही जातात आणि त्यांच्याबरोबर गायकाचा श्वास व व्यंजनांची धारही जाते. मिरजेच्या तंबोरे बनवणाऱ्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या जवारीसाठी कान तयार केले, तीच पुसून टाकलेले गाणे आपण मूळ म्हणून ऐकत आहोत.

आपल्या वृत्तपत्रात अशा ध्वनिमुद्रणांविषयी लेखन येईल, तेव्हा मुद्रणाचे वर्ष, ते तबकडीचे, आकाशवाणीचे की मैफलीचे, आणि त्याची लांबी एवढे तरी छापावे, अशी विनंती आहे. 1883 पासून चालत आलेल्या देवल क्लब या कोल्हापूरच्या संगीतसंस्थेने एकाच बंदिशीची दोन-तीन मुद्रणे या माहितीसह ऐकवणारी सत्रे ठेवली, तर नव्या विद्यार्थ्यांना त्याचा मोठा उपयोग होईल. ज्यांच्या घरी जुन्या तबकड्या आहेत, त्यांनी त्या खरखर न गाळता, आहे तशा ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात आणि साफ केलेली प्रत हवी असल्यास ती वेगळी करावी.

आपला नम्र,
एक श्रोता, कोल्हापूर